उभाच फ्रीझर हवा

९ फेब्रुवारी

खिळ्या,

पत्र उघडण्याआधी हात पूस. मागच्या वेळी माझंच पत्र मला परत पाठवून "ताई, ही ओळ वाचता येत नाही" म्हणालास, त्या ओळीवर तुझ्या अंगठ्याचं ग्रीस होतं. माझं अक्षर वाईट आहे, पण इतकं काळं नाही.

फोन करत नाही, कारण दिवसभर फ्रिज दुरुस्त करून करून, त्या घरघरीत तुझे कान गेलेत. मी ओरडून बोलले की तुझे दाजी समोर बसून सगळं ऐकतात. आणि हे त्यांनी ऐकायचं नाही. म्हणून चौथी पास बाईला पत्र लिहावं लागतंय.

मला घरात आणखी एक फ्रीझर हवा आहे. आहे त्या फ्रिजच्या वरच्या कप्प्यात बर्फाचे दोन ट्रे आणि वाटाण्याची एक पिशवी गेली की दार लागत नाही. काल दुकानात गेले होते. तिथे एक टायवाला. प्रत्येक फ्रीझरवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर तारे. मी विचारलं, "तारे कसले?"

"मावशी, जितके जास्त तारे तितकी वीज कमी."

"म्हणजे जास्त म्हणजे कमी?"

"हो."

"मग जास्त तारेवाल्याची किंमत जास्त का?"

तो टाय नीट करायला लागला. मग मी पुठ्ठा वाचला. २९२ युनिट! आमच्या अख्ख्या घराला महिन्याला ऐंशी लागतात. मी त्याला म्हटलं, हे कपाट महिन्याला तीनशे युनिट खाणार असेल तर मी घरात हत्ती बांधते, तो निदान अंगणात तरी राहील. आणि निघून आले.

तू तुझ्या धंद्यातलं सांग. कुठला घेऊ, किती खातो, कुठे ठेवू. मार्च संपायच्या आत घरात यायला हवा. का ते विचारू नकोस. एवढंच सांगते, फ्रीझर आला नाही तर वन्सं येतील. आणि माझी नणंद एकदा आली की माझं स्वयंपाकघर माझं राहत नाही, हे तुला माहीत आहे.

ताई

१४ फेब्रुवारी

ताई,

हात पुसले, चष्माही पुसला. तू मात्र चष्मा न लावता दुकानात गेली होतीस. त्या २९२ च्या खाली मुंगीएवढ्या अक्षरात "वर्षाला" असं लिहिलेलं असतं. वर्षाला, ताई. महिन्याला चोवीस. दिवसाला एक युनिटसुद्धा नाही. त्या टायवाल्याची माफी माग आणि हत्ती परत पाठव.

आता माझ्या धंद्यातलं. फ्रीझर दोन जातींचे. एक आडवा, पेटीसारखा, वर झाकण. दुसरा उभा, कपाटासारखा, समोर दार. डोळे मिटून आडवा घे. थंड हवा जड असते. झाकण उघडलं तरी ती विहिरीतल्या पाण्यासारखी खालीच बसून राहते. उभ्याचं दार उघडलंस की ती सगळी तुझ्या पायांवर ओतते, आणि मग यंत्राला पुन्हा पहिल्यापासून धाप लागते. आडवा कमी खातो, जास्त मावतो, आणि वीज गेली तरी दीड-दोन दिवस माल धरून ठेवतो. तीस वर्षं हेच काम करतोय, मला उभ्याचं नाव सांगू नकोस.

ठेवायचा सावलीत. शेगडीजवळ नाही, उन्हाच्या खिडकीखाली नाही, भिंतीपासून वीतभर सोडून. त्यालाही श्वास घ्यायचा असतो.

आत काय ठेवणार आणि किती, ते कळव. वन्सं आणि फ्रीझरचा संबंध मला लागला नाही. त्यांना आत ठेवायचा विचार असेल तर आडवाच लागेल.

खिळ्या

२० फेब्रुवारी

खिळ्या,

वन्संबद्दल असं बोलू नये. मी बोलू शकते, तू नाही.

उभाच हवा. झाकणाचा नको. कारण बिरण काही नाही, मला पेटीत डोकं घालायला आवडत नाही. कप्पे हवेत, कमरेच्या वर हवेत. बेचाळीस डबे मावले पाहिजेत, आमच्या कँटीनमध्ये मिळतात ते चौकोनी, एका माणसाच्या जेवणाचे. बाकी तुझी विहीर आणि तुझी जड हवा तुझ्याजवळ ठेव.

आणि आता नवीन भानगड. ह्यांनी परवा आपल्या बहिणीला सहज सांगितलं, हिला फ्रीझर घ्यायचाय. झालं! वन्संनी लगेच आपला जुना फ्रीझर टेंपोत घालून पाठवला. फुकट! "एवढा मोठा पडूनच होता, वहिनीला होईल." आडवा आहे. प्रेताची पेटी वाटावी असा पांढरा. बाहेरच्या खोलीत ह्यांचे रंगाचे डबे, ब्रश आणि अर्धवट रंगवलेल्या दुकानाच्या पाट्या असतात, त्यांच्यामधे बसवलाय. हे खूश. म्हणतात, "बघ, ताईने कशी काळजी घेतली." आणि तो जात्यासारखा घरघरतो. टीव्हीवर बातम्या सांगणाऱ्याचे नुसते ओठ हलताना दिसतात.

फुकटचा आहे तर ठेवून घेऊ का? खरं सांग.

ताई

२५ फेब्रुवारी

ताई,

फुकटचा फ्रीझर सगळ्यात महाग. हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगतो आणि एकही ऐकत नाही.

तू ऐकणार नाहीस म्हणून सोबत पार्सलने मीटर पाठवलंय. हातात मावतं. भिंतीच्या सॉकेटमध्ये हे लावायचं, त्यात फ्रीझरची पिन. किती युनिट खाल्ले ते खिडकीत दिसतं. रोज सकाळी एकाच वेळी वाचायचं आणि लिहून ठेवायचं. चष्मा लावून.

दुसरी परीक्षा. कागदाचा तुकडा झाकणाच्या रबरात धर, झाकण लाव आणि कागद ओढ. अडला तर रबर चांगलं. लोण्यातून सुरी निघावी तसा निघाला तर थंडी दिवसभर बाहेर गळतेय आणि तू अख्ख्या गल्लीला गारवा देतेयस.

बाकी, ताई, बेचाळीस डबे का? चाळीस नाही, पन्नास नाही. बेचाळीस. तुम्ही घरात दोघं. मला हा आकडा खुपतोय.

खिळ्या

६ मार्च

खिळ्या,

चष्मा लावला. सात दिवस वाचलं. दिवसाला २.४. एक दिवस २.६, त्या दिवशी हे आत रंगाचा डबा ठेवून बघत होते, टिकतो का म्हणून. कागद रबरातून निघाला नाही, पडला. म्हणजे ओढायच्या आधीच.

वर्षाचे किती होतात ते ह्यांनीच पाटीच्या मागे खडूने मांडलं. पावणेनऊशे. तुझ्या त्या २९२ वाल्याच्या तिप्पट. मग स्वतःहून बहिणीला फोन केला आणि म्हणाले, "ताई, तुझा फ्रीझर आमच्या दोघांपेक्षा जास्त जेवतो." सत्तावीस वर्षांत हा माणूस बहिणीला पहिल्यांदा नाही म्हणाला. टेंपो उद्या येतोय.

पण टेंपो का येतोय ते पूर्ण सांगते, नाहीतर तू म्हणशील सगळं मीटरनेच केलं. मंगळवारी मी तळाशी गेलेली वाटाण्याची पिशवी काढायला वाकले. डोकं आत, दोन्ही हात आत, पोट काठावर. पिशवीला हात लागला आणि पाय जमिनीवरून सुटले. अर्धी आत, अर्धी बाहेर. खाली जाता येईना, वर येता येईना. हे ब्रश घेऊन दारात आले. म्हणाले, "काय शोधतेयस?"

आतून म्हटलं, "तरुणपण!"

त्यांनी कमरेला धरून बाहेर ओढलं. मी जोरात ओरडले, कारण झाकण डोक्यात बसलं. माझ्या साडीवर कमरेला दोन्हीकडे पाच-पाच निळी बोटं उमटली आहेत, कुठल्याशा चपलांच्या दुकानाची पाटी चालू होती.

तेव्हा आडव्याचं नाव काढू नकोस. उभा कुठला घेऊ ते सांग. लवकर.

ताई

११ मार्च

ताई,

हसून हसून माझ्या हातातला पाना पडला. पण मग मी ते पत्र पुन्हा वाचलं.

त्या जातीच्या पेटीचं झाकण डोक्यात बसत नाही. बिजागरीला स्प्रिंग असते, झाकण जिथे सोडाल तिथे उभं राहतं. तसली शंभर तरी झाकणं मी बदलली असतील. तू झाकण लागून ओरडली नाहीस. खोटं बोललीस.

दुसरं, बेचाळीस. काल दुपारी एका गिऱ्हाइकाच्या फ्रिजमागे आडवा पडलो होतो तेव्हा उलगडलं. दोन वेळचं जेवण, एकवीस दिवस. एका माणसाचं. म्हणजे एकवीस दिवस घरात एकच माणूस जेवणार आहे, आणि तो स्वयंपाक करणारा नाही. म्हणजे दाजी. दाजींनी ऐकू नये म्हणून तू फोन करत नाहीस. सगळं मार्च संपायच्या आत हवं.

ताई, स्पष्ट विचारतो. तू दाजींना सोडून चालली आहेस का? आणि चाललीच असशील तर त्यांना आधी तीन आठवड्यांचं जेवण करून ठेवणारी तू पहिलीच बाई असशील. काय झालंय? त्यांनी काही केलं का? मला सांग, मी पहिल्या गाडीने येतो.

खिळ्या

१६ मार्च

मूर्खा,

सोडून जायचं असतं तर त्यांच्या कपड्यांची बॅग भरली असती, माझी नाही. घर माझं आहे.

तू गाडीत बसू नयेस म्हणून लिहिते. उजवा खुबा गेलाय. बावीस वर्षं कँटीनच्या ओल्या फरशीवर उभी राहिले, त्याचं फळ. डॉक्टर म्हणाला, झिजून झिजून आत चुना उरलाय, बदलायला हवा. १८ एप्रिलला ऑपरेशन. आधी इस्पितळात, मग त्यांच्याच व्यायामाच्या वॉर्डात, मिळून तीन आठवडे. त्यानंतरही तीन महिने वाकायचं नाही. म्हणून उभा. म्हणून कप्पे कमरेच्या वर. आता कळलं? झाकण लागलं नव्हतं, खुब्यातून कळ गेली होती. आणि नाही केलं, तर कँटीनचं काम पावसाळ्याआधी सोडावं लागेल. मी घरी बसणारी बाई नाही. घरी बसले तर ह्यांनाच रंगवून ठेवीन.

ह्यांना सांगितलेलं नाही. सांगितलं की त्याच श्वासात बहिणीला फोन जाईल. नऊ वर्षांपूर्वी मला टायफॉइड झाला तेव्हा वन्सं आठ दिवसांसाठी आल्या आणि पाच आठवडे राहिल्या. मी तापात पडलेली, आणि आतून बरण्या सरकवल्याचे आवाज ऐकू येत होते. बरी होऊन उठले तर मीठ साखरेच्या जागी, साखर माळ्यावर. माझी गाळणी मला अजून सापडलेली नाही. नऊ वर्षं!

ह्यांना पाणीसुद्धा उकळता येत नाही. शेगडी पेटवताना तोंड असं मागे करतात की काडी भलतीकडेच जाते. म्हणून बेचाळीस डबे. डबा काढायचा, गरम करायचा, खायचा. कोणी यायला नको.

फ्रीझर सांग. आणि तोंड बंद ठेव, तुझ्या बायकोकडेसुद्धा.

ताई

२० मार्च

ताई,

तोंड बंद आहे. बायकोला फक्त एवढंच म्हटलं की तुझं काही नाही, त्यावर तिने काय नाही ते ओळखलं. तो दोष माझा नाही, ती मास्तरीण आहे.

उभा घे. माझे सगळे शब्द मागे. सहा खण असलेला, खणांना समोरून पूर्ण झाकण असलेला. म्हणजे दार उघडलं तरी हवा आपापल्या खणात राहते, सगळी पायांवर येत नाही. दोनशे तीस लिटर पुष्कळ झाले, त्याहून मोठा घेऊ नकोस. अर्धा रिकामा फ्रीझर म्हणजे रिकामी बस, डिझेल तेवढंच. खालचे दोन खण पाण्याच्या बाटल्यांनी भर, तिथे तुझा हात जायला नको आणि थंडीही धरून राहील. डबे आधी बाहेर पूर्ण निववायचे. गरम डबा आत गेला की शेजारच्या नऊ डब्यांना घाम फुटतो. सगळे एकदम नाही, रोज दहा-बारा. उणे अठरावर ठेव, त्याखाली नेऊन काही जास्त गोठत नाही, नुसतं युनिट जातं.

मीटर लावून ठेव. दाजींना म्हणावं, तू नसताना रोज सकाळचा आकडा मला पोस्टकार्डावर कळवा. त्यांना एक काम होईल, आणि तिकडे सगळं ठीक चाललंय ना ते मला कळेल.

आणि त्यांना सांग, ताई. मीटरचं नाही, खुब्याचं. माणसाला आदल्या दिवशी कळवायची ही गोष्ट नाही. मला तुझ्या गावाला न येण्याची शपथ घातलीस तरी १८ तारखेला मी कान देऊन बसलेला असेन, जेवढे उरलेत तेवढे.

खिळ्या

१३ एप्रिल

खिळ्या,

फ्रीझर आला. टायवाल्याकडूनच घेतला. मी माफी मागितली नाही, पण त्याने विचारलं "हत्ती कसा आहे?" तेव्हा हसले.

चार दिवस स्वयंपाक केला. कँटीनमध्ये दोनशे माणसांचं करते, इथे एका माणसाचं एकवीस दिवसांचं करताना दमले. वाटाणे, कोंबडी, दुधी, मसूर, बरोबर पाव विकत आणायचा. सगळे निववून, तू सांगितलंस तसे. मीटरचा आकडा पहिले काही दिवस १.२, मग उतरला. रोज एक आणि त्याच्या आत.

झाकणांवर काय आहे ते लिहायला हवं होतं. माझं अक्षर ह्यांना लागणार नाही. म्हणून काल बेचाळीस झाकणं ह्यांच्यापुढे मांडली आणि म्हटलं, रंगवा. विचारलं, "कशासाठी एवढे?" तेव्हा सांगितलं. उभ्याउभ्याच सांगितलं. खुबा, तारीख, तीन आठवडे, वन्संना बोलवायचं नाही.

खिळ्या, हा माणूस काय म्हणाला माहीत आहे? "बरं."

एवढंच. बरं. मग निळा रंग ढवळायला बसला. संध्याकाळपर्यंत बेचाळीस झाकणं रंगवली, अक्षरांना सावल्या काढून. 'मसूर' अशी काढलीय की जणू कापडाच्या दुकानाचं नाव. पण तोंडातून दुसरा शब्द नाही. मला वाटलं होतं घाबरतील, रागावतील, निदान "आधी का नाही सांगितलंस" म्हणतील. सत्तावीस वर्षं ह्यांना जेवायला घातलं, आणि मला कापणार म्हटल्यावर बरं. म्हणजे डब्यांची सोय झाली, आता बायको जाईना का!

जाऊ दे. पाचव्या दिवशी जायचं आहे. ह्यांच्यापेक्षा फ्रीझर बरा, निदान आवाज तरी करतो.

ताई

२९ एप्रिल

प्रिय मेहुणे,

तुमच्या बहिणीच्या हुकमाप्रमाणे आकडे कळवतो. रोज एक पोस्टकार्ड म्हणाला होतात, पण एका कार्डावर एकच आकडा बघवेना, म्हणून एकत्र. १९ तारखेपासून रोज सकाळी सातला: ०.७१, ०.७०, ०.७१, ०.७१, ०.७०, ०.७१, ०.७०, ०.७१, ०.७१, ०.७०.

ऑपरेशन झालं हे तुम्हाला फोनवर सांगितलंच, तुम्हाला ऐकू आलं असावं. काल ती काठी धरून आठ पावलं चालली. नर्सला म्हणाली, तुमच्या इस्पितळातलं सूप मी माझ्या कँटीनच्या बादलीतही ओतणार नाही. म्हणजे सुधारते आहे.

मी रोज दोन वेळा जाऊन येतो. जेवणाची उत्तम सोय आहे.

आपला,
दाजी

२ मे

ताई,

इस्पितळाच्या पत्त्यावर लिहितोय, नर्सबाईंनी वाचू नये म्हणून पाकिटाला तीनदा डिंक लावलाय.

आठ पावलांबद्दल शाबासकी. आता एक सांगायचंय, रागावू नकोस आणि जागेवरून उठू नकोस. दाजींचे आकडे आले. मी ते चारदा वाचले. फ्रीझरचं दार दिवसातून दोनदा उघडलं की आकडा थोडा वर जातोच. कधी कमी, कधी जास्त, माणूस दारात किती वेळ विचार करत उभा राहतो त्यावर. इथे दहाच्या दहा दिवस सारखे. ०.७०, ०.७१. असे आकडे मी फक्त एका ठिकाणी बघितलेत, कुलूपबंद गोदामात.

ताई, तू गेल्यापासून तो फ्रीझर कोणी उघडलेलाच नाही.

दाजी लिहितात जेवणाची उत्तम सोय आहे. कसली ते लिहीत नाहीत. तूच विचार.

खिळ्या

५ मे

खिळ्या,

तुझं पत्र वाचलं आणि माझा ताप मोजायला दोन नर्सा आल्या.

वन्सं आल्या! दुसरं काय असणार? मी ह्यांना विचारलं, "जेवलात?" म्हणाले, "जेवलो." "काय जेवलात?" "तेच." "तेच म्हणजे काय?" तर खिडकीबाहेर बघायला लागले. हाताला पट्टी बांधलीय, विचारलं तर म्हणे रंगाच्या डब्याचं झाकण लागलं. तुला मी सांगितलं होतं ना झाकणाचं, तसंच हे. आमच्या घरात झाकणं फार लागतात.

म्हणजे माझ्या स्वयंपाकघरात दोन आठवडे त्या नांदतायत. बरण्या फिरल्या असतील. मी इथे फळीवर उताणी, काठीशिवाय हलता येत नाही, आणि तिकडे राज्य गेलं. बेचाळीस डबे मी दुखऱ्या खुब्यावर उभी राहून केले, ते तसेच ठेवून हा माणूस बहिणीच्या हातचं जेवतोय!

व्यायामाची बाई म्हणते रोज दहा पावलं. आज चाळीस चालले. रागाने चालता येतं हे तिला माहीत नव्हतं. ९ तारखेला घरी सोडतील. मग बघते.

ताई

१० मे

खिळ्या,

काल घरी आले. हे रिक्षातून उतरवायला पुढे आले तर मी हात झटकला. काठी टेकत थेट स्वयंपाकघरात गेले.

वन्सं नव्हत्या.

बरण्या जागच्या जागी. मीठ मिठाच्या जागी. फ्रीझर उघडला. बेचाळीस झाकणं, निळी अक्षरं, वर पातळ बर्फ, एकही हललेलं नाही. मग वळले तर शेगडीच्या वर भिंतीला एक पाटी टांगलेली. खरी पाटी, दुकानावर लावतात तशी, पिवळ्यावर लाल, अक्षरांना काळ्या सावल्या. लिहिलंय: "भात. तांदूळ एक वाटी, पाणी दोन वाट्या, मीठ. झाकण. आच मंद. हलवू नये." आणि खाली बारीक अक्षरात: "काडी पेटवताना तोंड समोर ठेवावे." शेजारी दुसरी पाटी, वाटाण्याची. तिसरी अर्धवट, पेन्सिलने आखलेली, सूप.

मी पाटीकडे बघत उभी. हे दारात उभे. उजव्या हाताला तीन चटके, एक जुना, दोन ताजे.

"कोणी शिकवलं?"

"ताईने. फोनवर. ती येते म्हणाली होती. मी म्हटलं, येऊ नकोस, तिचं स्वयंपाकघर आहे. तू तिथूनच सांग, मी लिहून घेतो."

"आणि माझे डबे? ते काय पूजेला ठेवलेत?"

तर म्हणाले, "पहिल्या दिवशी दार उघडायला गेलो. हात मुठीपर्यंत गेला. तू तिकडे टेबलावर, आणि मी इथे तुझ्या हातचं जेवायचं? म्हटलं, ही घरी आली तर दोघं मिळून खाऊ."

आली तर, म्हणाले. आल्यावर नाही. मीही बरं, एवढंच म्हणाले.

रात्रीसाठी मसूरचा डबा काढला. त्यांनी भात केला, पाटीवर 'हलवू नये' असूनही दोनदा हलवला, आणि मी ते खुर्चीवर बसून बघत राहिले. पहिला घास घेतला आणि ताट खाली ठेवलं. खिळ्या, खारट. नुसती खारट नाही, तोंडात धरवेना. मी काठीवर उठले, वाटाण्याचा डबा काढला, गरम करायला लावला. खारट. कोंबडी, खारट.

बावीस वर्षं मी दोनशे माणसांचं मीठ मुठीने टाकते, चव न बघता, आणि एकदा चुकले नाही. त्या चार दिवसांत प्रत्येक पातेल्यात दोनदा टाकलं असणार. टाकलं की नाही ते आठवत नसणार. मी काय विचार करत होते ते तुला सांगत नाही, तुला कळलं असेल.

ह्यांनी मसूर संपवली आणि पुन्हा मागितली. मी म्हटलं, "चव कळत नाही का तुम्हाला?" म्हणाले, "कळते की!" आणि वाटी पुढे केली.

आता अजून एकोणचाळीस आहेत. टाकणार नाही, विजेवर पोसलेत. ह्यांना पाटीवरचं 'मीठ' खोडायला लावलंय. महिनाभर भात अळणी करायचा, म्हणजे दोन्ही मिळून खाण्यासारखं होईल. आता शिडीवर चढलेत, हातात पिवळा डबा आहे, आणि विचारतायत "पाणी पण थोडं जास्त घालू का?"

वन्संना दोन ओळी लिहायच्या आहेत. त्याच अवघड आहेत, म्हणून आधी तुला लिहिलं.

ताई